मोटारीच्या दारांच्या चौकटींची निगा

मोटारीच्या दाराची चौकट म्हणजे दार मिटल्यावर झाकला जाणारा आणि दार उघडल्यावर दिसणारा, गाडीच्या सांगाड्याचा व दाराच्या कडेचा भाग होय. इंग्रजीत या भागास 'डोअर जॅम' असे म्हणतात. बिजागऱ्या, कुलूप अडकण्याची कडी, रबरी पट्टी, उंबरठा आणि दाराची आतील कड यांचा त्यात समावेश होतो. या भागातील माती, जुने वंगण व ओल वेळोवेळी काढणे आणि तेथील रंग, रबर व पत्रा यांना संरक्षक लेप देणे म्हणजे चौकटींची निगा. हा भाग एरवी नजरेआड राहत असल्यामुळे तेथील गंज उशिरा लक्षात येतो. उंबरठा व खांब हे गाडीचा भार वाहणारे अवयव असल्याने असा गंज केवळ दिसण्यापुरता राहत नाही. तो प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

रचना व संज्ञा

मोटारीचे छत तोलून धरणाऱ्या उभ्या अवयवांना खांब म्हणतात. समोरच्या काचेलगतचा तो 'ए' खांब, पुढच्या व मागच्या दारांमधला 'बी' खांब आणि मागच्या दारामागचा 'सी' खांब अशी त्यांची नावे रूढ आहेत. खांबांना खालून जोडणारी, गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारी पोकळ पेटी म्हणजे उंबरठा. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या 'ए' खांबावर आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या 'बी' खांबावर बसवलेल्या असतात. दार मिटताना दारातील लॅच ज्या जाड पोलादी कडीत अडकते, तिला स्ट्रायकर म्हणतात.

चौकटीच्या भोवती बसवलेली पोकळ रबरी पट्टी पाणी, धूळ व आवाज आत येण्यास अडथळा करते. गॅरेजांतील बोलीत तिला 'बीडिंग' म्हणतात. ही पट्टी बहुधा इथिलीन प्रोपिलीन डाईन मोनोमर या कृत्रिम रबराची असते. ऊन व ओझोन यांना हे रबर चांगले तोंड देते. पेट्रोलियमजन्य तेलांच्या संपर्कात मात्र ते फुगते आणि मऊ पडते.

दार हे दोन पत्र्यांचे बनलेले असते. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते. ही दुमड दाराच्या तळाशी सर्वांत असुरक्षित असते, कारण खिडकीच्या काचेलगतच्या पट्टीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी तेथेच पोचते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी लहान निचराछिद्रे ठेवलेली असतात. उंबरठ्याच्या पेटीलाही खालच्या बाजूस अशी छिद्रे असतात.

चालकाच्या बाजूच्या चौकटीत टायरमधील हवेचा दाब दर्शवणारी पट्टी अनेक गाड्यांत चिकटवलेली असते. काही गाड्यांत वाहनाचा १७ अक्षरांकांचा ओळखक्रमांक व रंगाचा सांकेतिक क्रमांकही तेथेच आढळतो. मागच्या दारांच्या कडेला लहान मुलांसाठीच्या कुलपाचा खटका असतो.

इतिहास

आरंभीच्या मोटारींचे सांगाडे घोडागाड्यांप्रमाणे लाकडी असत आणि त्यांवर पत्रा ठोकलेला असे. अशा गाड्यांत ओलाव्याने पत्र्याच्या आधी लाकूड कुजत असे. अमेरिकेतील एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन केलेल्या कंपनीने संपूर्ण पोलादी सांगाडे तयार केले आणि १९१४ पासून डॉज बंधूंच्या गाड्यांना ते बसवले जाऊ लागले. १९३४ मध्ये आलेल्या सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ या गाडीने स्वतंत्र चासीविना, सांगाड्यानेच सर्व भार वाहण्याची रचना मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात रुजवली.

या बदलाचा चौकटीशी थेट संबंध आहे. स्वतंत्र चासी असलेल्या गाडीत उंबरठा गंजला तरी गाडीचा कणा शाबूत राहत असे. एकसंध सांगाड्याच्या गाडीत उंबरठा हाच कण्याचा भाग झाला. भारतात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार झालेली ॲम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्या एकसंध सांगाड्याच्या होत्या.

१९७० च्या दशकापासून सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने त्यावर प्राथमिक लेप चढवण्याची कॅथोडिक पद्धत रूढ होत गेली. फवारणी जेथे पोचत नाही अशा पोकळ्यांतही हा लेप पोचतो. त्यानंतर जस्तलेपित पत्र्याचा वापर वाढला. या दोन सुधारणांमुळे आधुनिक गाड्यांत गंज लागण्याचा काळ पुष्कळ लांबला. मात्र लेप खरवडला गेल्यास, किंवा माती व पाणी एकाच जागी दीर्घकाळ साचून राहिल्यास ही संरक्षणे अपुरी पडतात.

मळ व ओल साचण्याची कारणे

चाकांनी उडवलेला चिखल दाराच्या खालच्या फटीतून उंबरठ्यावर येतो. दार उघडताना बुटांच्या तळव्यांची वाळू तेथेच झडते. बिजागऱ्यांवरील वंगणाला धूळ चिकटून त्याचा काळा चिकट थर बनतो; हा थर बारीक कानशीप्रमाणे काम करतो आणि बिजागरीचा खिळा झिजवतो. गाडी धुताना वरून उतरणारे पाणी छताच्या कडेने चौकटीत शिरते आणि दारे मिटलेलीच राहिल्यास रबरी पट्टीखाली अडकून राहते.

भारतातील शहरांत सकाळी गाड्या पुसणाऱ्या कामगारांकडून गाडी स्वच्छ करून घेण्याची पद्धत आहे. त्या वेळी गाडीला कुलूप असते व किल्ली मालकाकडे असते. त्यामुळे बाहेरचा पत्रा रोज पुसला जाऊनही चौकटींना महिनोन्‌महिने फडके लागत नाही. बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या गाडीच्या चौकटीत मातीचे थर आढळण्याचे हे एक सर्वसाधारण कारण आहे.

गंजाची प्रक्रिया

लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आल्यावर गंज तयार होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर टिकून राहतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पाण्यात मीठ असल्यास विद्युतवहन सुलभ होते व हा वेग आणखी वाढतो. मळ स्वतः गंज निर्माण करत नाही. तो ओल धरून ठेवतो. कोरड्या दिवशीही मातीच्या थराखालचा पत्रा ओलाच असतो, हे चौकटींतील गंजाचे मुख्य कारण होय.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली गंज वाढू लागला की रंगाला फोड येतात. दुमडलेल्या कडेच्या आत गंज वाढल्यास दुमड उकलू लागते. उंबरठ्यासारख्या पोकळ पेटीत गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराचसा खाल्ला गेलेला असतो.

स्वच्छतेची पद्धत

चौकटींची सफाई सावलीत आणि पत्रा थंड असताना केली जाते. दारे बराच वेळ उघडी राहणार असल्याने आतील दिवे बंद केले जातात, अन्यथा बॅटरी उतरण्याची शक्यता असते. चौकटीत फार चिखल असल्यास ती गाडी धुण्यापूर्वी साफ केली जाते, म्हणजे घाण पाणी धुतलेल्या पत्र्यावर ओघळत नाही. गाडी धुऊन झाल्यावर चौकटी पुन्हा पुसून कोरड्या करणे आवश्यक असते. कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. कोरडी माती काढणे : मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनरने वाळू व सुटी माती काढली जाते. ही पायरी गाळून ओले फडके फिरवल्यास वाळूचे कण रंगावर ओरखडे पाडतात.

२. निचराछिद्रे मोकळी करणे : दाराच्या व उंबरठ्याच्या तळाशी असलेली छिद्रे लाकडी काडीने किंवा मऊ प्लास्टिकच्या दांड्याने मोकळी केली जातात. स्क्रूड्रायव्हर किंवा तार वापरल्यास छिद्राच्या कडेचा लेप खरवडला जातो आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. दार हलवताना आतून पाण्याचा डचमळण्याचा आवाज येणे हे छिद्रे बुजल्याचे लक्षण आहे.

३. जुने वंगण काढणे : बिजागऱ्या, लॅच व स्ट्रायकर यांवरील काळे वंगण वेगळ्या फडक्याने पुसून काढले जाते. हे फडके पुन्हा रंगावर वापरले जात नाही.

४. साबणाच्या पाण्याने पुसणे : उदासीन स्वरूपाचा कार शाम्पू पाण्यात मिसळून, पिळून घेतलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने वरून खाली पुसले जाते. साबणाच्या पाण्याची एक व फडके खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवल्याने निघालेली वाळू पुन्हा पत्र्यावर येत नाही. बिजागरीच्या बेचक्यांसाठी मऊ केसांचा लहान ब्रश उपयोगी पडतो. कपडे धुण्याची पावडर व सोडा अल्कधर्मी असल्याने मेणाचा लेप उतरवतात.

५. डांबर काढणे : उंबरठ्याखालील डांबराचे ठिपके त्यासाठीच्या द्रावकाने, फडक्यावर थोडासा घेऊन, काढले जातात. यासाठी रॉकेल वा डिझेल वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. परंतु ते रबरी पट्टीवर ओघळल्यास पट्टी फुगून सैल होते.

६. रबरी पट्टी पुसणे : पट्टीची घडी बोटाने उलटवून आतला भाग ओल्या फडक्याने पुसला जातो. तिच्या खाचेत अडकलेली वाळू रंगाला घासत राहते आणि दाराच्या कडेवर निस्तेज रेषा उमटवते.

७. कोरडे करणे : स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढल्यानंतर चौकट कोरड्या फडक्याने टिपली जाते आणि दारे अर्धा ते एक तास उघडी ठेवली जातात.

चौकटीत उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा मारणे टाळले जाते. घरगुती यंत्रांतही हा दाब शंभर बारच्या आसपास असू शकतो. अशा पाण्याने रबरी पट्टी जागची सुटते, लॅचमधील वंगण धुऊन जाते आणि पाणी आतील गालिच्यापर्यंत पोचते. खांब व दार यांना जोडणाऱ्या रबरी नळीतून काचेच्या, कुलपाच्या व ध्वनिवर्धकाच्या तारा गेलेल्या असतात. अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचे संवेदक 'बी' खांबाच्या तळाशी असतात. टायरच्या दाबाची पट्टी व ओळखक्रमांकाची चिठ्ठी यांवरही द्रावक वापरला जात नाही, कारण छपाई पुसली जाते.

वंगण

सफाईनंतर बिजागऱ्यांना नवे वंगण देणे हा निगेचाच भाग आहे. बिजागरी व दार थोपवून धरणारा पट्टा यांसाठी पांढरे लिथियम ग्रीस सामान्यतः वापरले जाते. वंगण मोजकेच देऊन, दार काही वेळा उघडून-मिटून, बाहेर आलेले वंगण पुसून घेतले जाते. रबरी पट्टीला पेट्रोलियमजन्य ग्रीस किंवा इंजिन ऑइल न लावता सिलिकॉनयुक्त वंगणाचा पातळ हात दिला जातो. त्यामुळे पट्टी लवचिक राहते, थंडीत दाराला चिकटत नाही आणि दार उघडताना होणारी करकर कमी होते.

संरक्षक लेप

चौकटींवरील पारदर्शक वरचा लेप अनेक गाड्यांत बाहेरच्या पत्र्यावरील लेपापेक्षा पातळ असतो. म्हणून चौकटीत खरखरीत पॉलिश किंवा यंत्राने घासणे टाळून पुढील उपाय योजले जातात.

मेण व कृत्रिम सीलंट : हाताने लावता येणारा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय. मेण काही आठवडे, तर सीलंट काही महिने टिकते. पाणी थेंबांच्या रूपाने निसटते आणि पुढची सफाई सोपी होते.

सिरॅमिक लेप : सिलिकाधारित हा लेप अधिक काळ टिकतो, परंतु लावण्यापूर्वी पृष्ठभाग पूर्णपणे तेलरहित असावा लागतो. या लेपाने मळ बसण्याचे थांबत नाही, तो सहज निघतो एवढेच.

पारदर्शक फिल्म : थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची फिल्म उंबरठ्यावर व दाराच्या कडेवर चिकटवली जाते. बुटांचे ओरखडे व शेजारच्या गाडीला दार लागून उडणारा रंग यांपासून ती संरक्षण देते.

पोकळ्यांतील मेण : लांब नळीच्या साहाय्याने दाराच्या व उंबरठ्याच्या पोकळीत विशिष्ट मेण फवारले जाते. ते सांध्यांत झिरपते. फवारणीनंतर निचराछिद्रे मेणाने बुजली नाहीत ना, हे पाहावे लागते.

उंबरठ्यावर शोभेसाठी बसवल्या जाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांखाली, तसेच आवाज कमी करण्यासाठी वरून चिकटवलेल्या जादा रबरी पट्ट्यांखाली पाणी व वाळू अडकते. असे साहित्य बसवल्यास त्याखालचा भाग अधूनमधून तपासणे गरजेचे ठरते.

गंज आढळल्यास

वरवरचा गंज बारीक पॉलिशपेपरने घासून, फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लयुक्त गंजरोधक लावून, त्यावर प्रायमर, रंग व पारदर्शक लेप दिला जातो. पत्र्याला भोक पडले असल्यास सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे हाच योग्य उपाय मानला जातो. भोकावर लांबी भरून रंग देण्याचा प्रकार स्वस्त पडतो. पण लांबीला भार वाहण्याची ताकद नसते, ती ओल शोषते आणि तिच्याखाली गंज वाढतच राहतो. विशेषतः उंबरठा व 'बी' खांबाच्या तळाशी अशी दुरुस्ती धोकादायक असते.

महाराष्ट्र व गोव्यातील परिस्थिती

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा, चार महिन्यांचा जोरदार पाऊस आणि जांभ्याची लाल माती हे तिन्ही घटक एकत्र येतात. लाल मातीचे कण अतिशय बारीक असल्याने ते दुमडीत व रबराखाली शिरतात. मराठवाडा व विदर्भात पावसाचे प्रमाण कमी असले तरी उन्हाळ्यातील धूळ आणि तीव्र उन्हाने रबराला पडणाऱ्या चिरा हा मुख्य त्रास असतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी निचराछिद्रांची तपासणी व लेप आणि पावसाळा संपल्यावर संपूर्ण सफाई असे वर्षातून दोन टप्पे सोयीचे ठरतात. खंडेनवमी व दसऱ्याला वाहने धुऊन त्यांची पूजा करण्याची महाराष्ट्रातील प्रथा नेमकी पावसाळ्याच्या अखेरीस येते. पूजेनंतर उंबरठ्यावर सांडलेले नारळाचे पाणी, कुंकू व ओली फुले त्याच दिवशी पुसून काढल्यास डाग राहत नाहीत.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची समस्या वेगळी आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथील पुरांतही हेच घडले. पुराचे पाणी उंबरठ्याच्या पोकळीत गाळ सोडून जाते. तो गाळ वाळून छिद्रे बुजवतो आणि पुढील प्रत्येक पावसात ओल धरून ठेवतो. अशा गाडीची चौकट बाहेरून पुसणे पुरेसे नसते; छिद्रांवरील बुचे काढून पोकळी पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग आत मेण फवारावे लागते.

जुन्या गाडीची पारख

वापरलेली गाडी विकत घेताना चौकटी हा माहितीचा विश्वसनीय स्रोत मानला जातो. बिजागरीच्या बोल्टांवरील रंगाला चिरा असल्यास दार काढले गेल्याची शक्यता असते. रबरी पट्टीवर रंगाचे तुषार असणे, चौकट व बाहेरचा पत्रा यांच्या छटेत फरक असणे, वेल्डिंगचे गोल ठिपके एका बाजूस असून दुसऱ्या बाजूस नसणे किंवा सांध्यांवरील सीलंट हाताने फासल्यासारखे दिसणे ही अपघातानंतरच्या दुरुस्तीची चिन्हे होत. रबरी पट्टी थोडी ओढून पाहिल्यावर तिच्या खाचेत गाळ आढळल्यास गाडी पुरात सापडल्याचा संशय बळावतो. उंबरठ्याखाली ताजा जाड काळा लेप असल्यास तो गंज झाकण्यासाठी दिला आहे का, हे पाहणे हितावह असते.

सुरक्षितता व नियम

बाजूने धडक बसल्यास तिचा जोर दारातून लॅच व बिजागऱ्यांकडे, तेथून खांबांकडे आणि पुढे उंबरठ्याकडे जातो. समोरील धडकेतही उंबरठा भाराचा वाटा उचलतो. पुढच्या आसनांच्या सुरक्षापट्ट्याचे खालचे टोक बहुतेक गाड्यांत 'बी' खांबाच्या तळाशी किंवा त्यालगत बांधलेले असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपी या मूल्यांकनात समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किमी व बाजूच्या धडकेची चाचणी ताशी ५० किमी वेगाने घेतली जाते. या चाचण्या नव्या गाडीच्या असतात. सांगाडा गंजल्यावर त्या गुणांकनातील हमी तशीच उरत नाही.

ब्रिटनमधील वार्षिक वाहनतपासणीत सुरक्षापट्ट्याच्या जोडणीपासून ३० सेंमीच्या आत भार वाहणारा पत्रा अतिशय गंजलेला असल्यास गाडी नापास होते. तेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जात असल्याने उंबरठे गंजण्याचे प्रमाण मोठे आहे. भारतात खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते; त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. इंजिन, टायर वा आसने बदलता येतात. सडलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च मात्र अनेकदा जुन्या गाडीच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून गाडी पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे पुष्कळदा उंबरठ्याच्या पत्र्यावर अवलंबून असते.

हेसुद्धा पहा

गंज
जस्तलेपन
मोटारवाहन
वंगण
कृत्रिम रबर